शाळागृहाचा बाहेरील रंग : पृष्ठभागाची परीक्षा आणि रंगाची निवड

पावसाळा सरून दिवाळीची सुट्टी जवळ आली की, गावोगावच्या प्राथमिक शाळांतून इमारतीच्या रंगाचा विषय निघू लागतो. शाळा व्यवस्थापन समितीची सभा भरते, अनुदानातील शिल्लक पाहिली जाते, ग्रामस्थ आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी देऊ करतात आणि यंदा रंग कोणता लावावयाचा यावर चर्चा सुरू होते. पिवळा बरा की गुलाबी, गर्द बरा की फिकट, याविषयी प्रत्येकाचे मत असते. वास्तविक छटेचा प्रश्न क्रमाने अगदी शेवटचा आहे. त्याच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. रंग कोणत्या पृष्ठभागावर लावावयाचा आहे? त्या पृष्ठभागात पाणी कोठून शिरते? आणि त्यावर पूर्वीचा जो थर आहे तो कशाचा आहे? या प्रश्नांकडे दुर्लक्ष करून लावलेला उंची रंगही एका पावसाळ्यात पोपडे धरून गळून पडतो. त्यात शाळेचा पैसा जातो हे खरेच. परंतु जुना रंग निष्काळजीपणे खरवडला गेल्यास मुलांच्या प्रकृतीलाही अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाची थोडी तपशीलवार माहिती प्रत्येक मुख्याध्यापकास असणे इष्ट आहे. येथे शाळेविषयी जे सांगितले आहे ते राहत्या घरासही बहुतांशी लागू पडते.

१. आधी ओलीचा शोध

बाहेरच्या रंगाचे मुख्य कार्य ऊन व पाऊस यांपासून पृष्ठभागाचे रक्षण करणे हे होय. शोभा हे त्याचे दुसरे कार्य. परंतु भिंतीच्या आत आधीच शिरलेले पाणी कोणताही रंग नाहीसे करू शकत नाही. उन्हाने भिंत तापली की हे पाणी बाहेर पडू पाहते. वरचा थर सच्छिद्र असेल, तर ते वाफेच्या रूपाने निघून जाते. थर अभेद्य असेल, तर पाणी त्याच्या मागे साचते, रंगाला फोड येतात आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. पाण्याबरोबर विटांतील व मातीतील क्षारही बाहेर येतात. पाणी उडून गेल्यावर हे क्षार भिंतीवर पांढऱ्या भुकटीसारखे दिसू लागतात. यालाच भिंतीला लोणा लागणे असे म्हणतात. लोणा लागलेल्या जागी गिलावाही भुसभुशीत होतो.

ओल कोठून येते हे पाहण्यासाठी भर पावसात एकदा इमारतीभोवती फेरी मारणे, यासारखा दुसरा उपाय नाही. वळचणीचे पाणी थेट भिंतीवर उडते काय, पन्हळ तुंबली आहे काय, फुटक्या कौलातून पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरते काय, छज्जाच्या खालच्या अंगाने पाणी ओघळत भिंतीपर्यंत येते काय, हे पाहावे. जोत्याला लागून मातीचा भराव किंवा विटांचा ढीग असेल, तर जमिनीतील ओल त्यावाटे भिंतीत चढते. हात धुण्याच्या जागेचे पाणी जोत्याजवळ मुरत असेल, तर तेही त्याच दोषाचे कारण होय. ही कारणे दूर करण्यास पुष्कळदा फारसा खर्च येत नाही. मात्र ती रंगापूर्वी दूर झाली पाहिजेत, आणि त्यानंतर भिंतीस सुकण्यास अवधी मिळाला पाहिजे.

भिंत सुकली किंवा नाही हे ठरविण्याची एक सोपी परीक्षा आहे. सुमारे दीड फूट लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद कराव्यात. दुसऱ्या दिवशी तो काढून पाहावा. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा त्याखालची भिंत गडद झालेली आढळली, तर ओल अजून शिल्लक आहे असे समजून रंगकाम पुढे ढकलावे. हा प्रयोग विद्यार्थ्यांसमोर केल्यास बाष्पीभवन व संघनन यांचा पाठही आपोआप होतो.

२. गिलाव्याच्या भिंती

गिलाव्याच्या भिंतींसाठी आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकारचे रंग वापरले जातात : चुना, सिमेंट रंग व ॲक्रिलिक इमल्शन. तिघांचे स्वभाव भिन्न आहेत.

चुना हा सर्वांत जुना व स्वस्त. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदतो व बरीच उष्णता बाहेर पडते. या क्रियेस चुना विरविणे म्हणतात. विरलेल्या चुन्याचा थर भिंतीवर दिल्यानंतर तो हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू हळूहळू शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते. म्हणजे वाळलेला चुना हा दगडाचाच एक पातळ थर होय. तो सच्छिद्र असल्यामुळे भिंतीतील वाफ अडवीत नाही. म्हणूनच जुन्या, चुन्यात बांधलेल्या इमारतींना चुनाच मानवतो. तयार करताना दर किलो चुन्यास सुमारे ५ लिटर पाणी घ्यावे, मिश्रण २४ तास तसेच राहू द्यावे, मग जाड्याभरड्या फडक्यातून गाळावे. गरम पाण्यात विरघळविलेला डिंक त्यात घातल्यास चुना हाताला कमी लागतो. पांढरेपणा खुलण्यासाठी किंचित नीळ घालावी. नव्या भिंतीस तीन पातळ हात द्यावेत. एक हात वाळल्यावरच दुसरा द्यावा. एकच जाड हात दिल्यास तो तडकून गळतो.

चुना विरविताना विद्यार्थ्यांना जवळ फिरकू देऊ नये. उकळत्या चुन्याचा एक शिंतोडा डोळ्यात गेल्यास दृष्टीला कायमचा अपाय होऊ शकतो. काम करणाऱ्याने चष्मा व हातमोजे वापरावेत. शिंतोडा उडालाच, तर डोळा ताबडतोब भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन रोग्यास दवाखान्यात न्यावे. यासाठी लोखंडी पिंप वापरावे. ॲल्युमिनियमच्या भांड्यावर चुन्याची रासायनिक क्रिया होते, आणि प्लास्टिकचे भांडे उष्णतेने वितळण्याचा संभव असतो.

सिमेंट रंग ही पांढऱ्या सिमेंटपासून बनविलेली भुकटी असते. तिच्यात पाणी मिसळून रंग तयार होतो आणि सिमेंटप्रमाणेच तो पाण्याच्या योगाने घट्ट होतो. म्हणून येथे रीत उलटी आहे. रंग लावण्यापूर्वी भिंत पाण्याने ओलसर करावी लागते आणि लावल्यानंतर दोन-तीन दिवस तिच्यावर हलके पाणी शिंपडावे लागते. पाणी न मिळाल्यास रंग भुकटीच राहतो व हात फिरविताच निघून येतो. एका तासात संपेल एवढाच रंग एका वेळी कालवावा. घट्ट होऊ लागलेल्या रंगात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, सिमेंट रंग चुन्यावर, डिस्टेंपरवर किंवा तैलरंगावर टिकत नाही. तो उघड्या सिमेंट गिलाव्यावर किंवा जुन्या, घट्ट बसलेल्या सिमेंट रंगावरच द्यावा.

इमल्शन हा पाण्यात मिसळणारा, परंतु वाळल्यानंतर पाण्यास दाद न देणारा रंग आहे. सिमेंटच्या सुस्थितीतील गिलाव्यावर तो अनेक वर्षे टिकतो, आणि भिंतीवर बारीक चिरा पडल्या तरी काहीसा ताण सहन करतो. मात्र त्यास कोरडा, स्वच्छ व घट्ट पृष्ठभाग हवा. बाहेरच्या भिंतीसाठी बाहेरच्या वापराचेच इमल्शन घ्यावे. आतल्या खोल्यांसाठी बनविलेले इमल्शन ऊनपावसात तग धरीत नाही. भिंतीवर काळे फडके फिरवून पाहावे. पांढरी भुकटी लागल्यास जुना चुना किंवा डिस्टेंपर खरवडून, भिंत धुऊन व सुकवून, मग प्रायमरचा एक हात द्यावा. शेवाळ असेल तर ते प्रथम ताठ ब्रशने काढावे. नंतर ग्रामपंचायतीकडे पाणी शुद्ध करण्यासाठी असलेल्या टीसीएल पावडरीचे द्रावण त्या जागी लावून काही वेळाने भिंत स्वच्छ धुवावी. हे द्रावण कोणत्याही आम्लात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

नवा सिमेंट गिलावा असल्यास किमान २८ दिवस थांबणे आवश्यक आहे. नवा गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो. त्यावर तैलरंग दिला तर रंगातील तेल व गिलाव्यातील अल्कली यांचा संयोग होऊन चिकट साबण तयार होतो, आणि रंग सुटतो. तेल व अल्कली यांपासून साबण होतो हे विज्ञानाच्या पुस्तकात आपण शिकवितो. तीच क्रिया येथे भिंतीवर नको असताना घडते.

या ठिकाणी एका रूढ पद्धतीचा विचार केला पाहिजे. मुलांच्या हातापायांचे डाग दिसू नयेत म्हणून भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत गर्द तैलरंगाचा पट्टा मारण्याची चाल आहे. भिंत कोरडी असेल तर त्यास हरकत नाही. परंतु जमिनीतून ओल चढत असेल, तर पट्ट्यामुळे ती बाहेर पडू शकत नाही आणि पट्ट्याच्या वर जाऊन डोके काढते. मग पुढच्या वर्षी पट्टा आणखी फूटभर उंच केला जातो, आणि ओलही तितकीच वर जाते. अशा भिंतीस खाली चुना किंवा सिमेंट रंग द्यावा आणि डाग पडल्यास तेवढाच भाग दरवर्षी नव्याने रंगवावा. तेच अंती स्वस्त पडते. ‘बोलक्या भिंती’ रंगविताना हीच दक्षता घ्यावी. नकाशे, पाढे व अक्षरे यांसाठी ओल नसलेली, शक्यतो छज्जाच्या किंवा पडवीच्या आडोशाची भिंत निवडावी, आणि खालचा थर व चित्राचा रंग दोन्ही इमल्शनचेच ठेवावेत. अर्धा महाराष्ट्र गळून पडलेल्या नकाशावरून भूगोल शिकविता येत नाही.

३. माती व दगड

मातीच्या भिंती पावसाळ्यात ओल घेतात व उन्हाळ्यात ती सोडून देतात. त्यांच्यावर इमल्शन किंवा तैलरंग दिल्यास हा व्यवहार थांबतो, आणि रंग मातीचा थर घेऊनच खाली येतो. शेणमातीचे सारवण, पांढरी माती, गेरू व चुना ही आपल्या पूर्वजांची साधनेच येथे योग्य होत. कोकणातील जांभा दगडही अतिशय सच्छिद्र असतो. त्यासही वाफ अडविणारा थर मानवत नाही. देशावरील काळ्या दगडाच्या बांधकामास तर रंगाची मुळीच गरज नाही. दगड स्वच्छ ठेवावा, उघडलेले सांधे भरून घ्यावेत. जुने बांधकाम चुन्यातील असल्यास सांधेही चुन्याच्याच मसाल्याने भरावेत.

४. लाकूड

दारे, खिडक्या व खांब यांचे लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते व आकसते. म्हणून त्यावर थोडी लवचीकता असलेला तैलरंग लागतो. प्रथम काचकागदाने पृष्ठभाग गुळगुळीत करावा, मग लाकडासाठी असलेला प्रायमर द्यावा, त्यानंतर भेगा व खिळ्यांची भोके लांबीने भरावीत, पुन्हा काचकागद फिरवावा आणि मग रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. प्रायमरपूर्वी लांबी भरल्यास कोरडे लाकूड तिच्यातील तेल शोषून घेते व लांबी गळून पडते. दाराचा खालचा काठ हा डोळ्याआड असल्यामुळे बहुधा तसाच राहतो. तथापि लाकूड पाणी सर्वांत अधिक घेते ते कापलेल्या टोकांतून. म्हणून दार बिजागरीवरून उतरवून तो काठ आधी रंगवावा.

५. लोखंड व पत्रे

खिडक्यांचे गज, फाटक, कठडे व पाण्याच्या टाकीचा सांगाडा यांवर गंज असताना वरून रंग दिला, तर गंज आतल्या आत वाढत राहतो. तारेच्या ब्रशने व काचकागदाने तो पूर्णपणे काढावा, पृष्ठभाग पुसून कोरडा करावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर द्यावा. उघडे लोखंड रात्रभर दवात राहिले तर पुन्हा गंजू लागते. प्रायमर वाळल्यावर इनॅमल रंगाचे दोन हात पुरतात.

जस्ताचा मुलामा असलेल्या नव्या पत्र्यावर नेहमीचा तैलरंग धरत नाही, कारण जस्तावर होणाऱ्या क्रियेमुळे रंगाची पकड सुटते. अशा पत्र्यासाठी वेगळा प्रायमर मिळतो, तो मागून घ्यावा. पन्हळी पत्र्यावर किंवा गच्चीवर पांढरा थर दिल्यास उन्हाचा बराच भाग परावर्तित होऊन खालचा वर्ग थोडा थंड राहतो. हा लाभही ध्यानात घेण्याजोगा आहे. भिंतींनाही फिकट छटाच बऱ्या. त्या कमी तापतात.

६. जुना रंग व मुलांचे आरोग्य

आतापर्यंत सांगितलेल्या चुका पैशाच्या होत्या. यापुढची चूक प्रकृतीची आहे. जुन्या काळच्या तैलरंगांत शिशाची संयुगे सर्रास वापरली जात. पांढऱ्या रंगातील सफेता, पिवळ्या व नारिंगी रंगांतील शिशाचा क्रोमेट आणि लोखंडावर प्रायमर म्हणून लावला जाणारा शेंदूर ही सर्व शिशाचीच संयुगे होत. शेंदूर व रेड ऑक्साइड दिसावयास काहीसे सारखे असले तरी त्यांत घोटाळा करू नये. रेड ऑक्साइड हा गेरूप्रमाणे लोखंडाचा ऑक्साइड आहे.

शिसे शरीरात गेल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा दुष्परिणाम होतो. बुद्धी, स्मरण व एकाग्रता यांना पोहोचलेला अपाय पुन्हा भरून येत नाही. शिशाचे अमुक प्रमाण मुलांना निर्धोक आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. लहान मुले जमिनीवर बसतात, हात तोंडात घालतात, खिडकीच्या गजांना तोंड लावतात. त्यामुळे गळालेले पोपडे व खरवडल्याची धूळ सर्वप्रथम त्यांच्याच पोटात जाते. शाळेच्या आवारात अंगणवाडी असेल, तर हा धोका अधिकच जाणावा. भारत सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे, १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व शोभेच्या रंगांत दर दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक शिसे असण्यास मनाई आहे. म्हणून नवा रंग घेताना डब्यावर तसा उल्लेख आहे हे पाहावे, आणि कोठारात पडून राहिलेला जुना डबा उपयोगात आणू नये. त्यापूर्वी रंगविलेली दारे, खिडक्या व गज यांवरील थरांत शिसे असावे असेच गृहीत धरून काम करावे.

याची रीत अवघड नाही. जुना तैलरंग कोरडा घासू नये, दिव्याच्या ज्योतीने जाळून काढू नये, यंत्राने घासून तर मुळीच काढू नये. पृष्ठभाग पाण्याने भिजवून, पाण्यात चालणाऱ्या काचकागदाने ओलाच घासावा. खाली प्लास्टिक अंथरून निघालेले पोपडे त्यात गोळा करावेत. ते जाळू नयेत, परसबागेत किंवा विहिरीजवळ टाकू नयेत. घट्ट बांधून त्यांची विल्हेवाट कोठे लावावी हे ग्रामपंचायतीस विचारावे. काम करणाऱ्याने धुळीपासून रक्षण करणारा मास्क लावावा आणि जेवणापूर्वी हात-तोंड धुवावे. शेवटी फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने दोनदा पुसावी. हे सर्व काम सुट्टीत व्हावे. विद्यार्थ्यांना श्रमदान म्हणून खरवडण्याच्या किंवा रंगविण्याच्या कामास लावू नये. त्यांनी आवार स्वच्छ करावे, झाडे लावावीत. रंगाच्या कामापासून त्यांना दूरच ठेवावे.

७. ऋतू, मोजमाप व नोंद

पाऊस उघडताच भिंती सुकत नाहीत. जेथे पाऊस अधिक, तेथे दिवाळीत प्लास्टिकची परीक्षा घेऊनच निर्णय करावा. भिंत ओली आढळल्यास उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबावे. उन्हाळ्यात मात्र तापलेल्या भिंतीवर रंग देऊ नये, कारण तो पृष्ठभागात शिरण्यापूर्वीच वाळतो. सकाळी पश्चिमेची भिंत व दुपारनंतर पूर्वेची भिंत घ्यावी, म्हणजे काम सावलीत होते. परांची भक्कम बांधावी, आणि विजेच्या तारेजवळ काम असल्यास आधी वीजपुरवठा बंद करून घ्यावा.

रंग किती लागेल हे दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये. समजा, इमारत १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. परिमिती ३६ मीटर, म्हणून भिंतींचे क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर. दारे-खिडक्यांचे १० चौरस मीटर वजा जाता ९८ उरतात. डब्यावर एका लिटरला एका हातासाठी १० चौरस मीटर असे लिहिले असल्यास दोन हातांसाठी १९.६ लिटर, म्हणजे सुमारे २० लिटर रंग लागेल. खडबडीत भिंतीस थोडा अधिक धरावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हेच उदाहरण स्वतःच्या शाळेची मापे घेऊन करावयास द्यावे.

काम संपल्यावर कोणत्या भिंतीस कोणत्या प्रकारचा रंग, किती हात, कोणत्या दिवशी दिला याची नोंद शाळेच्या दप्तरात करावी. मुख्याध्यापक बदलून जातात, भिंती तेथेच राहतात. पाच-सात वर्षांनी येणाऱ्यास ‘त्यावरचा थर कशाचा आहे’ या प्रश्नाचे उत्तर त्या एका पानावर सापडेल, आणि त्याचा अर्धा खर्च व पुष्कळसा घोटाळा वाचेल.

शाळेची इमारत ही गावातील मुलांनी रोज पाहावयाची वस्तू आहे. ती नीटनेटकी असावी अशी सर्वांची इच्छा असते. पाण्याची वाट आधी मोकळी करून, पृष्ठभागाचा स्वभाव ओळखून आणि मुलांच्या प्रकृतीस जपून जो रंग दिला जाईल, तो साध्या चुन्याचा असला तरी शाळेस शोभा देईल व टिकेलही.